गिऱ्हाइकाचं वाक्य जसंच्या तसं

आमच्या दुकानाच्या ब्लॉगवरचा पहिला लेख मी जून २०२० मध्ये लिहिला. आज तो तिथे नाही, मीच काढून टाकला. ‘तांब्या-पितळेची गौरवशाली परंपरा’ असं त्याचं शीर्षक होतं. सुरुवातीला सिंधू संस्कृती, मध्ये आजीचं स्वयंपाकघर आणि शेवटी आमचा पत्ता. लिहायला चार दिवस लागले होते. वाचला घरच्यांनी आणि माझ्या दोन मैत्रिणींनी. त्यामुळे एकही माणूस दुकानात आला नाही आणि यायचं काही कारणही नव्हतं, कारण त्या लेखात कुणाच्याच अडचणीचं उत्तर नव्हतं.

आमचं तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान पुण्यात रविवार पेठेत आहे, सासऱ्यांच्या वडिलांनी सुरू केलेलं. पुढे विक्री आणि मागे वाड्याच्या चौकात कल्हईची, म्हणजे भांड्याला आतून कथलाचा थर द्यायची, भट्टी. नवी भांडी विकतो, जुनी मोडीत घेतो, पोचे काढून देतो, भांड्यांवर नावं घालून देतो. २०२० साली लॉकडाऊन लागला तो ऐन गुढीपाडव्याच्या दिवशी, २५ मार्चला. गुढीवर घालायला आणलेले तांबे खोक्यांतच राहिले. पाठोपाठ अक्षय्य तृतीया गेली, लग्नसराई गेली. शटर खाली आणि फोन मात्र चालू: ‘तुमच्याकडे कल्हई कधी सुरू होणार?’, ‘पितळेचं पातेलं घरी कसं घासू?’ हे फोन मीच घेत होते. रोज तीच पाच-सहा उत्तरं देऊन घसा दुखायचा. तेव्हा वाटलं, हे कुठेतरी एकदाच लिहून ठेवावं. ब्लॉगची मूळ कल्पना इतकीच होती. पण प्रत्यक्ष लिहायला बसले आणि फोनवर बोलत होते ते सगळं विसरून सिंधू संस्कृतीत जाऊन पोचले. पहिल्यांदा लिहिणाऱ्या माणसाला वाटतं की लिहायचं म्हणजे काहीतरी मोठं लिहायचं. मला ते मनातून काढायला जवळपास वर्ष लागलं.

साईट उभी करायचं काम मावसभावाने केलं. वर्डप्रेस हे सॉफ्टवेअर २००३ पासून आहे आणि ते स्वतः फुकट आहे. पैसे लागतात ते नावाचे आणि जागेचे. नाव घ्यायला आम्हाला वर्षाला नऊशेच्या आसपास रुपये पडले. जागा पहिल्या वर्षी स्वस्तात मिळाली आणि दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाच्या वेळी दुपटीहून जास्त पैसे मागितले गेले. नव्याने सुरू करणाऱ्या कुणालाही मी हेच सांगते, की पहिल्या वर्षाचा दर बघू नका, दुसऱ्या वर्षाचा विचारा. आणि नाव दुकानाच्या मालकाच्याच खात्यावर घ्या, करून देणाऱ्याच्या खात्यावर नको. आमच्या ओळखीच्या एका मिठाईवाल्यांचं नाव करून देणाऱ्याकडे अडकलं आणि त्यांना सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं.

आमच्याकडून झालेली चूक वेगळीच होती आणि तिने चार महिने खाल्ले. साईट बांधत असताना भावाने सेटिंगमधल्या एका चौकोनात खूण करून ठेवली होती. सर्च इंजिनांनी ही साईट तूर्तास घेऊ नये, असा त्या चौकोनाचा अर्थ. साईट तयार झाली, लेख चढले, पण खूण तशीच राहिली. जून ते ऑक्टोबर मी नऊ लेख लिहिले आणि गूगलवर आमचं एकही पान दिसत नव्हतं. मी समजत होते की लोकांना मराठी वाचायला नको आहे. दिवाळीच्या तोंडावर भाच्याने सर्च कन्सोल, म्हणजे आपली साईट शोधात कशी दिसते ते दाखवणारी गूगलची सोय, जोडून दिलं, तेव्हा ती खूण सापडली. ती काढल्यावर आठवडाभरात पहिली पानं दिसायला लागली. मला त्या चार महिन्यांचं वाईट वाटतं ते कष्टांमुळे नाही. माझ्या भाषेच्या वाचकांबद्दल मी त्या काळात चुकीचं मत करून घेतलं होतं, याचं वाईट वाटतं.

पण पानं दिसायला लागली म्हणून उघडली जात होती असं नाही. सर्च कन्सोलमध्ये दोन आकडे शेजारी शेजारी दिसतात: तुमचं पान शोधणाऱ्याला किती वेळा दिसलं आणि त्यातल्या किती जणांनी उघडलं. आमचा पहिला आकडा लहान होता आणि दुसरा जवळपास शून्य. ‘कल्हईचे महत्त्व’, ‘झाळकाम: एक कला’ असली माझी शीर्षकं. झाळ म्हणजे धातू वितळवून जोडलेला भांड्याचा सांधा, हे ज्याला माहीत आहे, तो गूगलला कशाला विचारील? तो सरळ आमच्याकडे येतो.

जानेवारी २०२१ मध्ये मी काउंटरवर एक दोनशे पानी वही ठेवली. आलेल्या गिऱ्हाइकाचं पहिलं वाक्य त्यात लिहायचं, आपल्या शब्दांत नाही, त्याच्याच. नवऱ्याला आधी हा वेळेचा अपव्यय वाटला, पण दुसऱ्या आठवड्यापासून तोही लिहायला लागला. ती वही अजून माझ्याजवळ आहे. तिच्यातली काही वाक्यं अशी आहेत:

‘पातेल्याच्या आतला पांढरा रंग निघालाय. यात शिजवलं तर विष होईल का?’

‘आईचा हंडा आहे, खालून ओल येते.’

‘तांब्याची बाटली आतून हिरवी झालीय.’

‘पितळेच्या वाडग्यात कोशिंबीर ठेवली होती, चव कशीतरीच लागतेय.’

‘हे खरं पितळ आहे की नुसता मुलामा?’

बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, ही वाक्यं वाचली आणि एकेका वाक्यापुढे बोट ठेवून एकेक शब्द म्हणत गेले. कल्हई उडाली. झाळ सुटली, पाझरतोय. जंग धरला. कोशिंबीर कळकली. मी ऐकत होते आणि माझ्या लक्षात आलं की आमच्याकडे ज्याला एक शब्द आहे, त्याला गिऱ्हाइकाकडे आख्खं वाक्य आहे. कोथरूड-बावधनला राहणारी, पस्तिशी-चाळिशीची माणसं. त्यांचं लहानपण स्टीलच्या भांड्यांत गेलं. आजी गेल्यावर माळ्यावरून पितळी डबे खाली आले, पण शब्द काही खाली आले नाहीत. त्यांना जे डोळ्यांना दिसतं ते ती सांगतात आणि गूगललाही तेच सांगतात. ज्याच्याकडे शब्दच नाही, त्याने तो शब्द टाकून शोधावं अशी अपेक्षा मी वर्षभर करत होते.

त्यानंतरची शीर्षकं मी वहीतून उचलायला लागले. ‘पितळेच्या पातेल्यातला पांढरा थर निघाला तर काय करायचं?’ असा पहिला लेख. पहिल्या परिच्छेदात उत्तर: आंबट काही शिजवू नका, दूध-दही ठेवू नका, कल्हई करून घ्या. दुसऱ्या परिच्छेदात आमचा शब्द, त्याच्या अर्थासकट. मग कल्हई कशी होते ते. भांडं घासून भट्टीवर तापवायचं, नवसागर टाकायचा म्हणजे धातूवरचा मळ सुटतो आणि पांढरा धूर येतो, मग कथलाची कांडी टेकवायची आणि वितळलेलं कथील कापसाच्या बोळ्याने झरझर फिरवायचं. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं आणि तांबं १०८५ अंशांना, म्हणून भांड्याला धक्का न लागता त्यावर कथलाचा थर बसतो. आम्ही हे रोज बघतो, पण ते लिहिण्याजोगं आहे असं मला वाटलं नव्हतं. आजही हाच लेख सगळ्यात जास्त वाचला जातो. २०२१ च्या गणपतीच्या महिन्यात तीनशेवर लोकांनी तो उघडला. मोठ्या साईटवाल्यांना हा आकडा काहीच वाटणार नाही. आमच्या दुकानात तेव्हा दिवसाला पंधरा-वीस गिऱ्हाइकं येत होती, हे धरून तो वाचावा.

शब्दांच्या बाबतीत अजून एक गोष्ट कळली. कल्हई हा शब्द लोक चार प्रकारे लिहितात: कल्हई, कलई, कल्हाई, कलाई. आणि निम्म्याहून जास्त जण तो रोमन लिपीत टाइप करतात. भाचा म्हणाला की चारही रूपं लेखात जागोजागी पेरून टाक. मी ते केलं नाही, वाचायला घाण दिसतं. ‘काही जण याला कलई म्हणतात’ असं एक साधं वाक्य घातलं, तेवढ्यावर काम झालं.

यातली माहिती सगळी बाबांची. पण त्यांना खुर्चीत बसवून ‘सांगा’ म्हटलं की ते काहीच सांगत नाहीत. ‘काय सांगायचं त्यात, बघितलं की कळतं,’ एवढंच. हातात भांडं दिलं की मात्र बोलायला लागतात. मग मी फोन शेजारी ठेवून मराठी बोलून टाइप करायची सोय चालू करायची आणि त्यांच्यापुढे भांडं सरकवायचं. फोन झाळचं जाळ लिहायचा आणि कथीलचं कठीण, ते मी रात्री दुरुस्त करायचे. ‘अगं, नुसतं वजन बघू नकोस. बोटाने टिचकी मार. कांशाचं असेल तर नाद लांबतो, पितळेचा लवकर बसतो.’ कांसं म्हणजे तांबं आणि कथील, पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, एवढं मला पुस्तकातून माहीत होतं. टिचकीचं बाबांकडून कळलं. ‘मुलामा की पितळ’ या लेखात मी लोहचुंबकाची खूण लिहिली होती (पितळ आणि तांबं चुंबकाला चिकटत नाहीत, आत लोखंड असेल तर चिकटतं) आणि तिच्याखाली बाबांची टिचकी. लोक दुकानात येऊन टिचकी मारून बघतात, मुलं तर हमखास.

आमच्यात वाद झाला तो ‘मोडीत देण्याआधी हे बघा’ या लेखावरून. मोड हा शब्द तुमच्यापैकी अनेकांना माहीत असेल: जुनं भांडं वजनावर देऊन टाकायचं आणि त्या पैशांत भर घालून नवं घ्यायचं. पुण्यातल्या घराघरांतलं पितळ असंच जाऊन स्टील आलं. मोडीचा धंदा आमचाही आहे. लेखात मी लिहिलं होतं की भांड्याचा तळ जाड असेल, कड फाटलेली नसेल आणि गळती फक्त सांध्यातून असेल तर ते मोडीत देऊ नका. झाळून, पोचे काढून, कल्हई करून ते अजून एक पिढी चालेल. नवऱ्याचं म्हणणं होतं, ‘आपण आपल्याच पोटावर पाय देतोय.’ त्याचं चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही. त्या वर्षी दुकानाचं भाडं थकलं होतं आणि एका जड हंड्याच्या मोडीत जे सुटतं ते चार कल्हयांत सुटत नाही. दोन दिवस आम्ही जेवताना याच विषयावर बोलत होतो. शेवटी बाबा म्हणाले, ‘काउंटरवर माझ्या वडिलांपासून आपण हेच तोंडाने सांगत आलोय. तोंडाने सांगतो ते लिहायला कसली भीती?’

तो लेख मार्च २०२२ मध्ये चढला. पुढच्या दोन-तीन महिन्यांत माळ्यावरची भांडी गोणपाटात, जुन्या साडीत, एकदा तर लहान मुलाच्या दुपट्यात गुंडाळून यायला लागली. सिंहगड रस्त्यावरून एक काकू घंगाळ घेऊन आल्या. लेखातली वाक्यं त्यांनी कागदावर उतरवून आणली होती आणि एकेक करून तपासून घेतली. ‘तळ जाड आहे ना? कड बघा बरं.’ घंगाळ चांगलं होतं. कल्हई झाली. जाताना त्यांनी नातीच्या लग्नासाठी एक समई आणि ताम्हन घेतलं. सगळ्यांचंच असं होत नाही. पुष्कळ जण नुसती कल्हई करून जातात आणि पुढच्या वर्षी परत येतात. हे परत येणं आमच्याकडे कधी मोजलंच जात नव्हतं. नवरा आता त्याची नोंद ठेवतो.

एक मोठी चूक माझ्या हातून झाली ती याच काळातली. एका लेखात मी लिहिलं की कल्हईच्या भांड्यात फोडणीसुद्धा चालते. बाबा गावाला गेले होते, मी त्यांना न वाचून दाखवताच लेख चढवला. पंधरा दिवसांनी एक बाई पातेलं घेऊन आल्या. आतली कल्हई वितळून तळाशी तिचे गोळे झाले होते. त्यांनी मोठ्या आचेवर रिकामं पातेलं तापत ठेवलं होतं आणि मग तेल घालणार होत्या. गॅसवर रिकामं भांडं २३२ अंशांच्या पुढे बघता बघता जातं. फोडणी चालते, पण आधी तेल घालून आणि मंद आचेवर, हे निम्मं वाक्य मी लिहिलंच नव्हतं. आम्ही पातेलं फुकट करून दिलं. लेख त्याच दिवशी दुरुस्त केला आणि वर लिहिलं की आधी इथे अपुरी माहिती होती. तेव्हापासून प्रत्येक लेख चढवण्याआधी मी बाबांना आणि कल्हईवाल्या चाचांना मोठ्याने वाचून दाखवते. चाचा भट्टीचं काम करता करता ऐकतात आणि चुकलं की भाता थांबवतात. ‘भाभी, घासायला तारेची घासणी वापरू नका, हे लिहिलं का? कल्हई त्यानेच जाते सगळ्यात आधी.’ ते लिहिलं नव्हतं. लिहिलं.

२०२२ च्या पावसाळ्यात एका जाहिरात एजन्सीचे लोक आले. महिन्याला आठ लेख लिहून देतो म्हणाले, पंधरा हजार रुपये. नमुना म्हणून त्यांनी एक लेख आणला होता: तांब्याच्या भांड्यातल्या पाण्याचे एकवीस फायदे. त्यात मधुमेह होता, सांधेदुखी होती, वजन कमी होणं होतं. असला लेख खूप वाचला जातो, हे त्यांचं म्हणणं खरं होतं. मी नको म्हटलं. आपल्या देशात १९५४ पासून ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायदा आहे आणि मधुमेहासारखे आजार बरे होतात अशी जाहिरात करायला त्यात बंदी आहे. पण कायदा नसता तरी मी तो लेख घेतला नसता. माझ्या स्वतःच्या आईला मधुमेह आहे. तिने गोळी सोडून तांब्याचं पाणी धरलं असतं तर?

त्याऐवजी मी लिहिलं, ‘तांब्याच्या बाटलीत काय ठेवू नये’. पाणी, फक्त पाणी. लिंबूसरबत नाही, ताक नाही, कोकम नाही, कारण आंबटाने तांबं सुटून पाण्यात उतरतं. पिण्याच्या पाण्यात तांब्याचं प्रमाण लिटरला २ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावं असं जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शक मूल्य आहे. बाटली रोज धुवायची, आठवड्यातून एकदा मीठ-लिंबाने आतून घासायची, हिरवं दिसलं तर ते निघेपर्यंत पाणी भरायचं नाही. हा लेख एकवीस फायद्यांच्या लेखाइतका वाचला जाणार नाही हे मला लिहितानाच माहीत होतं. पण तो वाचून बाटली घ्यायला आलेलं गिऱ्हाईक महिन्याभराने ‘हिरवी झाली’ म्हणून भांडायला येत नाही.

तांत्रिक बाजू थोडक्यात सांगते, कारण मराठीत ब्लॉग लिहिणाऱ्याला ती कुणी सांगत नाही. पत्त्याची ओळ, म्हणजे लेखाची लिंक, देवनागरीत ठेवू नका. देवनागरीतल्या एकेका चिन्हाचे लिंकमध्ये नऊ तुकडे होतात. कल्हई या शब्दात क, ल, हलन्त, ह, ई अशी पाच चिन्हं, म्हणजे पंचेचाळीस तुकडे. वर्डप्रेस एका लेखाच्या नावाला दोनशेच जागा देतं. बावीस चिन्हांच्या पुढे शीर्षक तुटतं आणि व्हॉट्सॲपवर पाठवलं की हातभर लांब टक्क्यांच्या खुणांची माळ दिसते. लोकांना ती व्हायरस वाटते. आमच्या एका आत्याबाईंनी तर लिंक उघडूच नका म्हणून घरच्या ग्रुपवर सगळ्यांना बजावलं होतं. आता मी लिंक रोमन लिपीत, तीन-चार शब्दांची ठेवते. लेख अर्थातच देवनागरीत.

जुनं पत्रक डीटीपीवाल्याकडचं होतं, ते तसंच चिकटवलं तर सगळी इंग्रजी अक्षरांची खिचडी उमटली, कारण ते युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या फोन-कॉम्प्युटरवर सारखंच उमटणाऱ्या अक्षरांत, नव्हतं. पुन्हा टाइप करावं लागलं. फाँटही बघून घ्यावा. आधी जो होता त्यात वरच्या वेलांट्या आणि रफार कापले जायचे. ‘मुक्त’ हा फाँट फुकट आहे, त्यात जोडाक्षरं नीट बसतात. आणि फोटो. फोनमधला एक फोटो चार एमबीचा, असे बारा फोटो मी एका लेखात चढवले होते. मंडईत उभं राहून फोनवर ते पान उघडायला मलाच मिनिटभर लागलं. आता दीडशे केबीच्या आत आणते. भांड्याचे फोटो उन्हात काढू नयेत, चकाकीने पोचा दिसत नाही. सकाळी दुकानाच्या पायरीवर, उजेड असतो पण ऊन आलेलं नसतं, तेव्हा काढावेत.

वाचक किती, हे मी महिन्यातून एकदा बघते. रोज बघायचं सोडलं, त्याने जिवाला घोर लागतो. खरा हिशेब काउंटरवरच्या वहीत आहे. नव्या माणसाला ‘आमच्याबद्दल कुठून कळलं?’ असं विचारायचं आणि एक रेघ ओढायची. २०२१ साली ब्लॉगच्या रकान्यात वर्षभरात एकोणीस रेघा होत्या. २०२३ च्या एकट्या दिवाळीच्या महिन्यात साठच्या वर झाल्या. या वाढीत कुठे अचानक उडी नाही. सणाचा लेख सणाच्या आठवड्यात चढवून काही होत नाही, तो दीड-दोन महिने आधी चढवायला लागतो, हे कळल्यावर फरक पडला. अभ्यंगस्नानासाठी बंब हवा असलेला माणूस धनत्रयोदशीला शोधत नाही, तो दसऱ्यालाच शोधतो, कारण जुना बंब दुरुस्त होईल का हे त्याला आधी बघायचं असतं. आणि दरवर्षी नवा लेख लिहायचा नाही, तोच सुधारायचा. आमचे एकूण लेख आज सत्तरच्या आतबाहेर आहेत, त्यातले वीस मी दर सहा महिन्यांनी वाचून दुरुस्त करते.

सगळ्यात साधा लेख आहे ‘आमच्या दुकानात यायचं कसं’. पेठेत गाडी लावायला जागा नाही, या एका कारणाने किती गिऱ्हाईक येत नाही ते पेठेतल्या प्रत्येक दुकानदाराला विचारा. बाबू गेनू वाहनतळावर गाडी लावून कोणत्या बोळातून यायचं, हंडा जड असेल तर रिक्षा कुठपर्यंत येते, असं सगळं त्यात होतं. सप्टेंबर २०२४ मध्ये जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी मेट्रोचा टप्पा सुरू झाला आणि मंडईला स्थानक आलं, त्या आठवड्यात मी हा लेख नव्याने लिहिला. वनाजहून बसायचं, जिल्हा न्यायालयाला गाडी बदलायची, मंडईला उतरायचं. कोथरूडच्या बायका आता पिशवीत पातेलं घेऊन मेट्रोने येतात.

आणि एक लेख मी गिऱ्हाइकासाठी लिहिलाच नव्हता. नारायण पेठेतले एक आजोबा एक कळशी घेऊन आले होते, पोचे पडलेली, गळ्याशी चिरलेली. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं तेव्हा ती त्यांच्या घरातून वाहून गेली होती आणि पाणी ओसरल्यावर दोन गल्ल्या पलीकडे चिखलात सापडली. त्यांच्या आईचं नाव तिच्यावर छिन्नीने घातलेलं होतं, म्हणून ओळखू आली. बाबांनी चीर सांधली, पण पोचे काढायला आजोबांनी नको म्हटलं. त्यांची परवानगी घेऊन मी एवढंच लिहिलं, फोटोत नाव झाकून. भांड्यांवर नावं का घालायची याबद्दल मी यापूर्वी दोन लेख लिहिले होते, ते कुणी वाचले नव्हते. हा वाचून लोक घरातल्या जुन्या भांड्यांवरची नावं शोधायला लागले, फोटो पाठवायला लागले. कुणाच्या पणजीचं नाव त्यांना भांड्यावरूनच पहिल्यांदा कळलं. नावं घालून घ्यायला येणारी माणसंही वाढली. आमचा नावं घालणारा कारागीर तांबट आळीतला आहे. पेशवाईत कोकणातून कसबा पेठेत येऊन वसलेल्या त्वष्टा कासार समाजातला. त्याला मी लेख वाचून दाखवला, तेव्हा त्याने फक्त कळशीवरच्या अक्षरांचा फोटो मोठा करून मागितला आणि बराच वेळ बघत राहिला. ‘हात चांगला होता,’ म्हणाला.

मागच्या महिन्यात एक तरुण मुलगी आली. हिंजवडीला नोकरी करते, एकटी राहते, आजीचा पितळी डबा घेऊन आली होती. मी वही उघडून पेन हातात घेतलं आणि ती म्हणाली, ‘काकू, यात लोणचं कळकलंय. कल्हई उडालीय का बघता?’ मी वाक्य लिहून घेतलं. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. लेखातून कळलं का असं तिला विचारायचं राहूनच गेलं, त्यामुळे रेघ कुठल्या रकान्यात ओढायची ते ठरलं नाही आणि ती अजून ओढलेली नाही.

चाचा पूर्वी महिन्यातून दोनदा यायचे, तेवढंच काम होतं. गेल्या वर्षापासून त्यांचा पुतण्या सोबत यायला लागला आणि भट्टी दर बुधवारी आणि शनिवारी पेटते. पांढऱ्या थराच्या त्या पहिल्या लेखाच्या शेवटी ‘कल्हईचा दिवस फोन करून विचारावा’ असं वाक्य पाच वर्षं तसंच होतं. काल रात्री ते काढलं आणि तिथे वार लिहिले.